नव्या मोटारीचे दहा दोष

"दहा दोष काढून दाखवतो," बॉनेटकाका म्हणाले. "तळ्याला एक चक्कर मारतो, परत येतो आणि दहाच्या दहा तुमच्या हातावर ठेवतो. एक जरी कमी पडला तरी अध्यक्षपद तुमचं."

हे ते जुन्या मोटारींच्या मंडळात भर सभेत, दातांच्या डॉक्टरांना उद्देशून म्हणाले. डॉक्टर हसले. समोरच्याने तोंड उघडलं की त्यांना एरवीही आनंदच व्हायचा, आणि अध्यक्षाच्या खुर्चीवर तर त्यांचा कितीतरी वर्षांपासून डोळा होता.

"नक्की ना?"

"माझा शब्द आहे."

काकू मागच्या रांगेत बसल्या होत्या. त्यांनी पिशवीतलं विणकाम बाजूला ठेवलं. नवऱ्याने शब्द दिला की पुढचं निस्तरायला आपल्याला दोन्ही हात मोकळे लागतात, हा त्यांचा अनुभव होता.

बॉनेटकाकांना खरं नाव होतं, पण गल्ली ते केव्हाच विसरली होती. येणाऱ्या-जाणाऱ्यांना त्यांचा कमरेखालचा भागच तेवढा दिसायचा. वरचा भाग मोटारीच्या बॉनेटखाली असायचा. पोस्टमन तर पत्रं त्यांच्या पाठीवर ठेवून निघून जायचा. मोटार लाल, ठेंगणी, दोनच माणसांची, लांब नाकाची. ती 'मोटार'च. गाडी म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. "गाडी भाजीवाल्याचीसुद्धा असते," ते म्हणायचे. लग्न झालं त्याच वर्षी त्यांनी ती जुन्या बाजारातून घेतली होती, आणि दोघींपैकी कुणाला जास्त कौतुकाने घरी आणलं हे काकूंनी कधी विचारलं नाही. उत्तर ठाऊक असलेले प्रश्न त्या विचारत नसत.

मोटार पळायची मात्र झकास. अडचण एवढीच, की वेग कमी झाला की तिला झोप यायची. पहिल्याच फेरीत ती भर रस्त्यात बंद पडली. काकूंना चालवता येत नव्हतं, म्हणून काका चाकाशी बसून राहिले आणि नवी नवरी खाली उतरली. तेव्हापासून संसारातली कामं वाटली गेली ती गेलीच. इंजिनाचा आवाज थांबला की काकूंचा हात आपोआप दाराकडे जायचा. पर्स गळ्यात, उतरून मागे, दोन्ही तळवे डिकीवर, काकांचं "हं", आणि धक्का. इंजिन एकदा धरलं की काका मुळीच थांबायचे नाहीत, कारण थांबले तर पुन्हा पहिल्यापासून. काकू बाजूने पळत यायच्या आणि चालत्या मोटारीत उडी घेऊन बसायच्या. तरुणपणी त्यांची ती उडी बघायला लोक खिडकीत यायचे. हल्ली काका वेग थोडा कमी ठेवायचे, एवढाच काय तो वयाला मान.

आणि आता इतक्या वर्षांनी कंपनीने त्याच नावाची नवी मोटार काढली होती. पेपरात तिचं पानभर चित्र आलं.

"हे नाक आहे?" काका कडाडले. "शिंक अडवून धरल्यासारखा चेहरा केलाय तिचा. आणि मागून बघ, कुणी इस्त्री उभी करून ठेवल्यासारखी दिसतेय. नाव तेच लावायला लाज कशी नाही वाटली यांना?"

पण तो पेपर रद्दीत गेला नाही. काकूंना तो काकांच्या चष्म्याच्या खणात सापडला. उघडून-मिटून त्याची घडी अगदी मऊ झाली होती.

"नावं ठेवायला एवढ्यांदा बघावं लागतं का हो?"

"दोष पाठ नकोत व्हायला?" काका म्हणाले आणि खण लावून घेतला.

ठरल्या दिवशी मंडळाचे सगळे सभासद शोरूममध्ये जमले. फरशी इतकी गुळगुळीत, की सगळे एकमेकांचे दंड धरून उभे होते. मोटारीही विकायच्या आणि ग्राहकांना सांभाळायचंही, अशी दुहेरी जबाबदारी असलेली एक चुणचुणीत मुलगी पुढे आली.

"मी सोबत येते एरवी," ती म्हणाली, "पण जागा दोनच आहेत. तुम्ही मंडळाचे अध्यक्ष, तुम्हाला काय शिकवायचं? तळ्याला एक चक्कर मारून या."

तिने हात लावताच गुळगुळीत दारातून एक कडी आपोआप बाहेर आली. काकू आणि काका आत बसले. काकांनी किल्लीसाठी भोक शोधलं, ते नव्हतं. बटण होतं. ते दाबल्यावर मागून एक दणदणीत गुरगुर आली.

"एक," काका म्हणाले. "आवाज खोटा आहे. स्पीकरातून येतोय."

"वाईट आहे का?"

"खोटा आहे म्हटलं." आणि त्यांनी तो पुन्हा एकदा काढून बघितला.

पहिल्या वळणापर्यंत आणखी तीन दोष झाले. काच फार कलती, आरसा फार छोटा, आणि पट्टा लावला नाही तर ती मास्तरणीसारखी टोकते. मग तळ्याकाठचा सरळ रस्ता लागला, काकांनी पाय किंचित दाबला आणि मोटार जी निघाली, ती काकूंची पाठ आसनाला आणि पोट पाठीला लावूनच. काकूंनी काकांच्या कानांकडे बघितलं. कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. काकांचं तोंड काहीही म्हणो, कान खरं बोलायचे. लग्नाला होकार देतानाही त्यांनी तोंडाने "बघू" म्हटलं होतं आणि कान जास्वंदीसारखे झाले होते.

"पाचवा कुठला?" काकूंनी विचारलं.

"मोजतोय," काका म्हणाले. "घाई करू नकोस."

चौकात सिग्नल लाल झाला. काकांनी ब्रेक दाबला, मोटार थांबली, आणि इंजिन बंद पडलं.

कुठे काही आवाज नाही. गुरगुर नाही, धडधड नाही. काकांचा चेहरा एकदम उजळला. "पाचवा," असं ते म्हणेपर्यंत काकू खाली होत्या. विचार करायला वेळच नव्हता, हात दाराकडे गेला तो सवयीने. पर्स गळ्यात, मागे, तळवे डिकीवर.

"हं," काकांनी आतून हाक दिली.

सिग्नल हिरवा झाला. काकांनी ब्रेकवरचा पाय काढला, आणि काकूंनी अजून पुरतं बळ लावलंही नव्हतं तोच मोटार आपसूक सुरू होऊन भुर्रकन निघून गेली. काकू भर चौकात दोन्ही हात पुढे धरून उभ्या राहिल्या. जाणाऱ्याला आशीर्वाद द्यावा तशा.

तिकडे काका खूश. एका बोटाच्या धक्क्यात सुरू झाली, बायकोत अजून दम आहे. आता फक्त तिला उचलायचं. चौकाच्या मधोमध एक गोल बाग होती. तिला वळसा घालून काका बेताच्या वेगात परत आले. काकू पळायला लागल्या, दाराजवळ पोचल्या, हात घातला, तर दाराला कडीच नाही. मोटार चालू झाल्याबरोबर ती आत गेली होती. अंधारात भिंतीवर दिव्याचं बटण चाचपावं तशा काकू पळता पळता मोटारीच्या अंगावरून हात फिरवत राहिल्या.

"अहो, कडी कुठाय?"

"मला काय माहीत? पुढच्या फेरीला बघ."

पुढच्या फेरीलाही कडी दिसली नाही. त्याच्या पुढच्या फेरीला काकूंनी काचेवर थापा मारल्या. एव्हाना बागेच्या कठड्याशी माणसं जमली होती. त्यांना दिसत होतं ते असं: एक म्हातारा झळझळीत नव्या मोटारीत एकटाच बसलाय, म्हातारी बायको बाजूने पळत काच बडवतेय, आणि तो तिला आत घेत नाही.

"या वयात," एक बाई हळहळल्या.

"मोटार आली की माणूस बदलतो," दुसऱ्याने सांगितलं. "माझ्या मेव्हण्याचं बघितलंय मी."

"आजी, तुम्ही पळू नका त्याच्यामागे. स्वाभिमान ठेवा."

"स्वाभिमान आहे हो," काकू धापा टाकत म्हणाल्या, "विणायचा चष्मा आत राहिलाय."

त्या बाकावर टेकल्या. कुणीतरी पाणी दिलं. घोट घेता घेता त्यांचं लक्ष काकांकडे गेलं आणि पेला ओठांशीच थांबला. काका आता वेग कमी करत नव्हते. बाकाकडे बघतही नव्हते. बागेभोवती ते एका हाताने अलगद वळत होते, मोटार रस्त्याला चिकटून झुलत होती, आणि दर वळणाला त्यांचं डोकं किंचित एका बाजूला कलत होतं. हे असं डोकं काकूंनी एकदाच पाहिलं होतं, लाल मोटार पहिल्यांदा घरी आणली तेव्हा. तेव्हा काका पंचविशीचे होते. कान इथूनही दिसत होते.

गेला, काकूंच्या मनात आलं. दहा दोषांचा शब्द गेला. चारच झालेत, आणि हा माणूस प्रेमात पडलाय. परत गेल्यावर खोटं बोलला तर कान चुगली करणार, आणि खरं बोलला तर खुर्ची जाणार. खुर्ची गेली की रविवारी जाणार कुठे? घरातच. काकूंनी उरलेलं पाणी एका घोटात संपवलं.

तेवढ्यात वाहतूक पोलीस बाई रस्त्यात उतरल्या आणि हात आडवा करून मोटारीसमोर उभ्या राहिल्या. मोटारीने स्वतःच ब्रेक लावला. इंजिन शांत झालं.

"घ्या," काका काच उतरवून म्हणाले. "पाडलीत बंद."

"बायकोला रस्त्यावर सोडून फिरता? शोभतं का?"

"सोडतोय कुठे, घेतोय. पण थांबलो तर ही बंद पडते. आता मारा धक्का."

पोलीस बाईंनी अशी मागणी पूर्वी ऐकली नव्हती. पण मागे वाहनांची रांग लागली होती, सगळे भोंगे एकदम वाजत होते, आणि मोटार हटवणं भाग होतं. त्यांनी कठड्याजवळच्या चार जणांना बोलावलं. काकू सवयीने त्यांच्यात जाऊन उभ्या राहिल्या. "तळवे सपाट ठेवा," त्यांनी सांगितलं, "आणि कमरेतून जोर लावा. दंडातून नाही." सगळ्यांनी जोर लावला. मोटार हलेना. काकांनी ब्रेक घट्ट दाबून धरला होता, हे मागून कुणाला दिसत नव्हतं.

शोरूमच्या मुलीला आपली मोटार बागेभोवती घिरट्या घालतेय हे तिच्या मोबाईलच्या नकाशावर दिसलं होतं. ती स्कूटरवरून आली, तिच्या मागे शब्दाचा हिशोब घ्यायला आलेले दातांचे डॉक्टर.

"काका, पाय काढा ब्रेकवरचा," ती ओरडली.

काकांनी पाय काढला. मोटार आपोआप सुरू झाली आणि पुढे सरकली. मागचे सगळे एकमेकांवर पडले. सगळ्यात खाली पोलीस बाई होत्या. काकू तेवढ्या उभ्या होत्या; मोटार कधी सुटते हे त्यांचे तळवे ओळखत होते.

"सिग्नलला ती बंद पडत नाही," मुलगी दम घेत म्हणाली, "मुद्दाम बंद होते. पेट्रोल वाचावं म्हणून. नवी सोय आहे."

काकांनी काचेतून डोकं बाहेर काढलं.

"नवी?" ते म्हणाले. "आमची चाळीस वर्षं हेच करतेय. तेव्हा कुणी सोय म्हटलं नाही तिला."

"म्हणजे हा दोष धरता येणार नाही," डॉक्टर म्हणाले. "तुमच्याच मोटारीचा गुण आहे."

परत शोरूममध्ये सभासदांनी मोटारीभोवती कोंडाळं केलं. काका आत बसूनच बोलत होते. आवाज खोटा. काच कलती. आरसा छोटा. पट्ट्याची टोकणी. कडी पळपुटी, हा दोष मोठा. बायकोला आत घेत नाही. मग जरा ओढाताण झाली. नाक, मागची बाजू. राखेची डबी नाही, असं ते म्हणाले; त्यांनी जन्मात विडी ओढली नव्हती. नववा दोष म्हणून त्यांनी रंगाचं नाव घेतलं, तेही पुटपुटत.

"नऊ," डॉक्टर म्हणाले. "दहावा?"

काकांचा एक हात चाकावरून सावकाश फिरत होता. कान लालभडक.

"सापडत नसेल तर कबूल करा आणि उतरा खाली."

"उतरत नाही," काका म्हणाले.

सभासद हसले. "बघा, आवडलीय. उतरवत नाही."

काकू पुढे झाल्या. वाकून त्यांनी काकांचा हात धरला आणि ओढला. काका हलले नाहीत. त्यांनी काकूंकडे असं बघितलं, की काकूंनी हात सोडला. क्षणभर थांबून त्यांनी पुन्हा धरला आणि या वेळी दोन्ही हातांनी ओढला. काका अर्धे वर आले आणि तिथेच अडकले. "अगं, गुडघा," ते कण्हले. डॉक्टरांनी दुसरा दंड धरला, मुलीने पाठ रेटली. शेवटी मुळा उपटावा तसे काका उपटून बाहेर आले आणि गुळगुळीत फरशीवर उभे राहिले.

"दहावा," ते म्हणाले. "आत बसता येतं, बाहेर येता येत नाही."

डॉक्टरांनी सभासदांकडे बघितलं. निम्मेअधिक सभासद आपापले गुडघे चोळत होते. दहावा दोष एकमताने मंजूर झाला.

घरी जाताना काकूंनी काकांच्या गुडघ्यांकडे दोनदा बघितलं. मग म्हणाल्या, "ऐकलंत का? उद्या गुडघे दाखवून येऊ."

"कशाला?"

"अडकले ना."



"पहिल्यांदा ओढलंस तेव्हा काही अडकले-बिडकले नव्हते," ते म्हणाले. "उगाच बसून राहिलो होतो."

"आणि दुसऱ्यांदा?"

"दुसऱ्यांदा यायला निघालो," काका म्हणाले, "तर खरंच येता येईना."