किटलीची कबुली

सुतारबुवांनी एकदा ठरवलं की ठरलं! चर्चमधली कन्फेशनची, म्हणजे आत बसून फादरांपुढे पापं कबूल करायची, पेटी त्यांनी स्वतःच्या हातांनी बनवलेली. आपली दोन्ही पोरंही तशीच रंधा मारून सरळ केलीत, असं ते येईल-जाईल त्याला ऐकवायचे.

"अहो, चौदा आणि अकरा वर्षांची मुलं आहेत ती. फळ्या नव्हेत," बायको म्हणायची.

"म्हणूनच शिस्त हवी! सातच्या ठोक्याला रोझरीची प्रार्थना, सगळ्यांचे फोन ड्रॉवरमध्ये. आणि या शनिवारी कन्फेशन, तेही नीट लिहून!"

मापं लिहायच्या वहीची पानं त्यांनी टराटर फाडली. "पापं आठवा, लिहा, चार घड्या घाला. मी वाचणार नाही!"

"आणि फादरांनी कुणाला सांगितलं तर?" चिरंजीवांनी विचारलं.

"छे! कन्फेशनमधलं फादर मरेपर्यंत बोलत नाहीत. बंधन असतं त्यांना!"

"फक्त त्यांनाच?"

"फक्त त्यांनाच," म्हणत सुतारबुवा स्वतःची चिठ्ठी लिहायला बसले.

चिरंजीव सध्या फुरंगटलेले होते. पंधरवड्यापूर्वी आईची चिनी मातीची किटली फुटली होती. आजीची शेवटची भेट ती! आणि घरात चेंडू कोण उडवतं, हे तर जगजाहीर. "मी नाही फोडली!" असं पोरगं रडून रडून सांगत होतं, तरी चेंडू महिनाभर जप्त झाला. वर वडिलांनी खरेपणावर अर्धा तास प्रवचन झोडलं, ते वेगळंच.

"हरवाल कुठेतरी," असं म्हणून चर्चच्या वाटेवर सुतारबुवांनी चिठ्ठ्या मागितल्या. कन्येनं साफ नकार दिला. "माझी पापं माझ्याजवळच बरी." चिरंजीवांची मात्र त्यांनी आपल्या चिठ्ठीशेजारी खिशात घातली आणि रांगेत नंबर आल्यावर काढून हातात दिली.

पोरगं आत गेलं. पाच मिनिटं झाली, आठ झाली. आतून फादरांना खोकल्याची उबळ आल्याचं ऐकू आलं.

"बघ!" सुतारबुवा कन्येला म्हणाले. "याला म्हणतात मनापासून कबुली!"

चिरंजीव बाहेर आले, वडिलांकडे एकदा टक लावून पाहिलं आणि आईशेजारी बाकावर जाऊन बसले.

सुतारबुवा आत गुडघ्यांवर बसले, चिठ्ठी उलगडली आणि खणखणीत आवाजात वाचू लागले. "ताईच्या चपलेत गोगलगाय ठेवली."



पुढची ओळ त्यांनी मनातच वाचली. 'देवा, किटली मी नाही फोडली. पप्पांना माझं खरं का वाटत नाही?'

सुतारबुवा जाळीला चिकटले. "फादर! चिठ्ठ्या बदलल्या! आत्ता जो मुलगा आला होता, त्यानं काय वाचलं?"

"कोणता मुलगा?" हसू दाबून दाबून फादरांचा आवाज चिरकला होता. "तुम्ही तुमचं सांगा."

सांगावंच लागलं. रोझरीच्या वेळी पोट बिघडल्याचं सोंग करून बाथरूममध्ये मॅच पाहिली, तीनदा. आणि ती किटली! फळीचं माप घेताना कोपर लागलं. आळ पोरावर गेला, तो खुशाल जाऊ दिला.

"ज्याच्यावर अन्याय झाला, त्याची माफी मागा," फादर म्हणाले. "आजच."

बाहेर चिरंजीव चिठ्ठी घट्ट धरून बसले होते. "तिसऱ्याच ओळीला अक्षर ओळखलं, पप्पा."

"मग थांबला का नाहीस?"

"चौथ्या ओळीत किटली दिसली."

सुतारबुवांनी आवाज खाली आणला. "आईला बोललास?"

"अजून नाही."

"शहाणं माझं बाळ! कन्फेशनमधलं कुणी..."

"बंधन फक्त फादरांना, पप्पा. तुम्हीच म्हणालात."

"कसलं बंधन?" आईनं मान वळवली.

पोरगं पप्पांकडे बघू लागलं.  सुतारबुवांना स्वतःची अशी लाज कधी वाटली नव्हती. "बाळा, चुकलं माझं. माफ कर," ते म्हणाले, आणि मग बायकोकडे वळले. पेटीला त्यांनी छान जाळी बसवली होती, समोरच्याचं तोंड दिसू नये म्हणून. बाकाला जाळी नव्हती!

त्या संध्याकाळी चेंडू परत मिळाला आणि सातच्या ठोक्याला चारही फोन ड्रॉवरमध्ये गेले. ड्रॉवरची किल्ली आता चिरंजीवांकडे असते. रोझरीच्या वेळी सुतारबुवांना बाथरूमला जायचं असेल, तर आधी खिसे तपासून घ्यावे लागतात.