पहिलं की दुसरं

मंगळवारी दुपारी ताईने एका विद्यापीठाला ‘मी येते’ असं कळवून टाकलं, आणि ही बातमी ताईला संध्याकाळी त्या विद्यापीठाकडूनच कळली.

“तुमचा होकार मिळाला, आनंद झाला,” ताईने लॅपटॉपवरची ओळ मोठ्याने वाचली. मग मनात वाचली. मग लॅपटॉप चावेल की काय अशा भीतीने तो लांब सरकवून पुन्हा वाचली. “अगं, पण मी काहीच पाठवलं नाहीये.”

“पाठवलंस की,” भोंगा तिच्या खांद्यावरून डोकावत म्हणाली. “हे बघ. तुझं नाव, तुझी सही. स्वल्पविरामसुद्धा जागच्या जागी.”

भोंगा म्हणजे ताईची धाकटी बहीण. वर्गात ती कुजबुजली तरी शेजारच्या वर्गातली मुलं उत्तर द्यायची, म्हणून हे नाव. पूर्वी ती त्यावर चिडायची. यंदा शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आली आणि तेव्हापासून ते नाव पदकासारखं मिरवू लागली.

घरात गेले काही दिवस एकच विषय होता. पीएचडीसाठी ताईने ढीगभर अर्ज केले, आणि त्यातल्या दोन ठिकाणांहून चक्क शिष्यवृत्तीसकट बोलावणं आलं. घरात त्यांना ‘पहिलं’ आणि ‘दुसरं’ म्हणत. पहिलं खूप लांब, थंड प्रदेशात. तिथल्या प्रयोगशाळेत माणसाच्या झोपेचा अभ्यास चाले. तिथे गेलं की वर्षातून एकदा घरी आलं तरी नशीब. दुसरं जवळ, सकाळी निघालं की संध्याकाळी घरी. तिथे माणसं काय आणि का विसरतात याचा अभ्यास. शुक्रवारपर्यंत एकाला हो आणि एकाला नाही म्हणायचं होतं. ताईला रात्र रात्र झोप लागत नव्हती, आणि दुपारी जेवण झालं की ती दगडासारखी पडत होती.

बाकीच्यांनी मात्र शपथ घेतली होती. “निर्णय तुझा. आम्ही तोंडातून अवाक्षर काढणार नाही,” असं आईने जाहीर केलं होतं. आई गाडी चालवायला शिकवायची, त्यामुळे दुसऱ्याच्या हातात स्टिअरिंग देऊन आपण ब्रेकवर पाय ठेवून बसण्याची तिला सवय होती. बाबांचं चष्म्याचं दुकान. दिवसभर गिऱ्हाईकांच्या डोळ्यांसमोर भिंगं बदलत “पहिलं की दुसरं?” विचारायचं, आणि घरी येऊन कशाचंच उत्तर द्यायचं नाही. बैठकीच्या खिडकीला एक पडदा हिरवा आणि एक राखाडी होता, कारण दोन्ही नमुने लावून बघितल्यावर पुढचं वर्षभर कोणी काही ठरवलंच नव्हतं.

तर आता संशय कोणावर? अर्थात भोंग्यावर.

“ताई लांब गेली की खोली कोणाची होणार?” आईने विचारलं.

“मला नकोय खोली,” भोंगा म्हणाली, आणि ते निम्मं खरं होतं. खोली तिला हवी होती, पण ताईसकट. रोज रात्री अंधारात ताईच्या पलंगाकडे तोंड करून दिवसभराचं सगळं सांगितल्याशिवाय तिला झोप यायची नाही. ताई दुसऱ्याला गेली, तर निदान दर सुट्टीत ते सांगता येणार होतं. पण शपथ ती शपथ, म्हणून ती गप्प होती, आणि तिला गप्प राहणं किती जड जात होतं ते तिलाच माहीत.

ताईने माफीची मेल लिहिली. पहिल्याच्या प्राध्यापकांचं उत्तर आलं: काही हरकत नाही, शुक्रवारपर्यंत वेळ घ्या. फक्त ती मेल लिहिली तेव्हा तुम्ही काय करत होता, ते जमल्यास कळवा.

“हे कसलं विचारणं?” बाबा म्हणाले.

ताईने पासवर्ड बदलला. नवा पासवर्ड तिच्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हता. बुधवारी दुपारी होकाराची दुसरी मेल गेली. या वेळी दुसऱ्याला.

आता मात्र घरात कोणी हसेना. ताईने माफी मागून दोन्हीकडचा घोळ कळवला, तर दुसऱ्याच्या प्राध्यापक बाईंनी चिडून लिहिलं होतं की यापुढे आपण जे कळवाल ते अंतिम समजू, आणि मेलची एक प्रत पहिल्यालाही धाडली होती. म्हणजे यानंतर जाणारी मेल परत घेता येणार नव्हती. ताईने लॅपटॉप आईच्या कपाटात ठेवला, कुलूप लावलं, आणि सगळ्यांना बाहेर काढून किल्ली एकटीने लपवली.

“आता कुठे ठेवलीय ते माझ्याशिवाय कोणालाही माहीत नाही,” ती म्हणाली. सगळ्यांना हायसं वाटलं. कसं वाटलं, देव जाणे.

गुरुवारी शाळा लवकर सुटली. भोंगा घरी आली तेव्हा आई शिकवणीला गेली होती, बाबा दुकानात. बाहेर लख्ख ऊन होतं, तरी बैठकीत पाण्याखाली असावा तसा उजेड होता, अर्धा हिरवा, अर्धा राखाडी. फ्रिज घुरघुरत होता. तो अचानक थांबला, आणि मग घरात ऐकू येण्यासारखं काहीच उरलं नाही.

ताईच्या खोलीचं दार उघडलं. आवाज न करता, सावकाश. ताई बाहेर आली. अनवाणी, केस मोकळे, डोळे टक्क उघडे.

“आई गं, घाबरवलंस,” भोंगा म्हणाली. “ऐक ना, आज शाळेत…”

ताई तिच्या शेजारून पुढे गेली. वाटेतल्या खुर्चीला वळसा घातला, पण खुर्चीकडे बघितलं नाही. भिंतीवरचा आरसा किंचित तिरका करून त्यामागून किल्ली काढली. आरशात क्षणभर तिचा चेहरा दिसला, आणि भोंग्याची दातखीळच बसली. चेहरा ताईचाच होता, पण घरात कोणी नसताना दिवा चालू राहावा, तसे तिचे डोळे उघडे होते.

कपाट उघडलं. लॅपटॉप टेबलावर आला. पासवर्ड टाकला गेला. ताई खुर्चीत ताठ बसली, मान वळवून भोंग्याकडे तोंड केलं आणि सपाट, गुळगुळीत आवाजात म्हणाली, “बसा.”

भोंगा बसली. न बसण्याची तिची हिंमत नव्हती.

“हनुवटी टेकवा. खाली बघू नका.”

हे बाबांचं वाक्य होतं. आवाज ताईचा, शब्द दुकानाचे. भोंग्याने हनुवटी टेबलाच्या कडेवर टेकवली.

“पहिलं की दुसरं?”

आणि भोंग्याला सगळं एकदम उमगलं. ताई झोपेत होती. ती विचारणार, समोरचा सांगणार, आणि ताई ते मुकाट्याने टाइप करून धाडणार. या वेळी ते अंतिम. ‘दुसरं’ एवढं एकच म्हणायचं होतं. दर सुट्टीत ताई घरी. कोणाला कळणारही नव्हतं. ज्या पोरीच्या आवाजाने कावळे उडायचे, तिला हे पुटपुटायला किती वेळ लागणार होता?

“पहिलं की दुसरं?” ताईने पुन्हा विचारलं. बोटं कीबोर्डवर तयार होती.

भोंग्याच्या मनात आलं, ताई दुसऱ्याबद्दल बोलते तेव्हा मुद्दे सांगते. बोटांवर मोजून, एकामागून एक. आणि पहिल्याबद्दल बोलते तेव्हा तिचा चहा गार होतो. हे आपल्याला दिसतं, मग तिला का दिसत नसेल?

“तुम्हाला,” भोंगा म्हणाली, आणि हा इतका बारीक आवाज कुठून निघाला ते तिचं तिलाच कळेना, “तुम्हाला कुठलं स्पष्ट दिसतंय?”

ताई थांबली. हे तिला कोणी विचारलंच नसावं. तिने समोरच्या भिंतीकडे बघत डोळे बारीक केले, जणू तिथे अक्षरांचा तक्ता टांगला होता. फ्रिज पुन्हा घुरघुरू लागला. मग ती टाइप करू लागली, शांतपणे, बराच वेळ. शेवटी लॅपटॉप मिटला, कपाटात गेला, किल्ली आरशामागे गेली, आणि ताई तिच्या खोलीत जाऊन पडली.

संध्याकाळी चहाच्या वेळी भोंग्याने सगळं सांगितलं. ताई पांढरीफटक पडली. आईचा चमचा कपातच थांबला. बाबा चष्मा पुसत होते, ते पुसतच राहिले.

“मंगळवारी,” आई खालच्या आवाजात म्हणाली, “मी भांडी घासत होते. मागून विचारलंस, पहिलं की दुसरं. मला वाटलं, मुलगी विश्वासाने विचारतेय. म्हटलं, पहिलं. जा लांब, बघ जग.”

“आणि शपथ?” बाबा म्हणाले.

“तुम्ही बोलू नका. बुधवारी जेवायला घरी कोण होतं?”

“माझ्या चष्म्यावर वाफ होती,” बाबा म्हणाले. “मला वाटलं, माझी नक्कल करतेय. म्हटलं, दुसरं. घराजवळ राहील.”

“आणि मेल गेल्यावर?” ताईने विचारलं.

“तू इतकी घाबरलेलीस,” आई म्हणाली, “म्हटलं, आता आपलं नाव कशाला.”

लॅपटॉप बाहेर आला. मेल पहिल्याला गेली होती. ताईने ती वाचली. हळूहळू तिच्या चेहऱ्यावर रंग आला, आणि कपातला चहा गार व्हायला लागला. भोंग्याने तो बघितला आणि खिडकीकडे तोंड फिरवलं. हिरवा पडदा तिला एकदम धूसर दिसू लागला.

“शेवटी काय लिहिलंय, ऐक,” ताई म्हणाली. “‘माझी धाकटी बहीण सुट्टीत माझ्याकडे येईल. ती रात्री झोपण्याआधी बोलते आणि तिचा आवाज मोठा आहे. हे आधी सांगितलेलं बरं.’”

भोंगा काहीच बोलली नाही. आईने तिच्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

उत्तर शुक्रवारी दुपारी आलं. ताई आत झोपली होती, म्हणून तिच्याच फोनवर भोंग्याने ते शक्य तितक्या हळू वाचलं: “तिन्ही मेल झोपेत लिहिल्या असाव्यात असा माझा अंदाज होताच. इकडे येईपर्यंत कृपया कोणताही उपचार करू नका. बहिणीला जरूर आणा. आमच्या प्रयोगशाळेच्या भिंती जाड आहेत.”

बाबा हसले. आई हसली. तेवढ्यात ताईच्या खोलीचं दार सावकाश उघडलं, आणि आतून सपाट, गुळगुळीत आवाज आला.

“पुढचे कोण?”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग आईने पदराला हात पुसले आणि ती उठली.

“मी जाऊन येते,” ती कुजबुजली. “पडद्यांचं राहिलंय.”