हकीकत सात वस्त्रांची, जी होळीपर्यंत पुरावयाची होती

ज्याने बोंडात कापूस आणि पौषात गारठा एकाच हाताने घातला, त्या जगन्नियंत्यास नमन असो. शके सोळाशे नव्याण्णव, हेमलंबी नाम संवत्सर, पौष वद्य पंचमी, सूर्य उगवून दोन घटका झाल्या असता महाराज बाळंतिणीच्या दालनाबाहेर, दोन्ही कानांत कापसाचे बोळे घालून, अंगावरील दगला आवळून बसले. आत राणीसाहेबांस कळा येत होत्या. बाहेर कारभारी नागोपंत आणि जामदार अवधूतराव उभे होते, आणि कोणी कोणाशी बोलत नव्हते, कारण बोलता बोलता तोंडून काही चांगले निघून जाईल याचे उभयतांस भय होते. हे भय कोठून आले, त्याचे मूळ कार्तिकात आहे, ते असे.

कार्तिकात पहिली थंडी पडली. महाराजांस रंगांची भारी हौस, आणि जामदारखान्यात, म्हणजे वस्त्रांच्या कोठीत, इतकी वस्त्रे साठली होती की मोजणारा पुढे जाई आणि कसर मागून येई. रोज प्रातःकाळी महाराज कोठीत शिरत, आणि ह्या अंगरख्याखाली ती सुरवार शोभेल काय, त्या सुरवारीवर हा शेला ओरडेल काय, असा विचार चाले, आणि मग दोन प्रहर होत, आणि मग दरबारी मंडळी भुकेने उठून जात. शेजारच्या राज्याचा वकील युद्धाचा खलिता घेऊन आला होता, तो दिवसभर बसून कंटाळला आणि खलिता न देताच परत गेला, त्यामुळे ते युद्ध राहूनच गेले. हा एक लाभ सोडल्यास राज्याचे सर्व काम तुंबले.

तेव्हा राणीसाहेबांस सातवा महिना लागला होता आणि त्यांस कोणत्याही गोष्टीचा उशीर सोसत नव्हता. त्या एके सकाळी कोठीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "थंडी अंगास वाजते, कोठीस नव्हे. स्वारींनी सात वस्त्रे ठेवावी. मात्र अशी, की डोळे मिटून कोणतेही उचलले तरी बाकीच्यांशी नांदेल. उरलेली वाटून टाकावी."

महाराज घाबरून म्हणाले, "सातच? म्हणजे सगळी पांढरी?"

"पांढरी कशाला? रंगीतच ठेवा की. पण भांडखोर रंग घरात घ्यायचा नाही. सून पाहतो तसा पाहून घ्या."

मग रंगांच्या सोयरिकी सुरू जाहल्या. जामदार एकेक वस्त्र आणून बैठकीवर पसरीत, आणि राणीसाहेब लोडास टेकून निवाडा देत. पोपटी आला, तो एकटा असता गोड दिसला, परंतु दुसऱ्याजवळ ठेविताच किंचाळू लागला, म्हणून परत गेला. गुलबाक्षी महाराजांचा फार लाडका, त्याची त्यांनी रदबदली केली, त्यावर राणीसाहेब म्हणाल्या, "हा कोणाशेजारी बसला तरी लोक यालाच पाहतात. असला पाहुणा दोन दिवस बरा." पारवा आला, त्याने कोणाशी भांडण केले नाही, परंतु मैत्रीही केली नाही. अखेर सहा ठरली. वर घालावयास डाळिंबी अंगरखा आणि मोरपंखी बंडी, पांघरावयास हळदी शेला आणि अंजिरी शाल, खाली शेवाळी सुरवार आणि आमसुली सुरवार. कोणतेही कोणावर घालावे, कोठे कुरबुर नाही. आणि ही सहा महाराजांच्या मापास नव्याने बेतून घेताना ज्या चिंध्या उरल्या, त्या राणीसाहेबांनी मागून घेतल्या, आणि त्यांचे तुकडे जोडून, आत कापूस भरून, स्वतःच्या हाताने दगला शिवला. त्यात सहाही रंग होते. हे सातवे वस्त्र.

दगला हाती देताना राणीसाहेब म्हणाल्या, "हा हिवाळाभर अंगावर वागवून मऊ करा. तान्ह्याला नवे कापड टोचते. बाळ आले की पहिले यातच गुंडाळायचे, आणि तुमच्या अंगच्या उबेसकट. तोवर कोणाला द्यायचा नाही."

महाराज म्हणाले, "प्राण गेला तरी देणार नाही," आणि त्याच उमाळ्यात भर दरबारात शपथ घेतली की होळी पेटेपर्यंत या सातांवर आठवे वस्त्र शिवणार नाही, विकत घेणार नाही आणि कोणाचे उसने अंगावर घालणार नाही. उरलेली सर्व वस्त्रे मानकऱ्यांस वाटून दिली, शिंप्यांस होळीपर्यंत रजा दिली, आणि दुसऱ्या दिवसापासून महाराज सूर्योदयास दरबारात हजर होऊ लागले. मंडळींस इतक्या लवकर कोणते काम करावे हे सुचेना. जामदार अवधूतराव दुपारचे झोपू लागले.

एवढे सर्व योजिले, परंतु एक गोष्ट कोणाच्याच ध्यानी राहिली नाही. या राज्याचा वडिलार्जित रिवाज असा, की धन्यांपाशी जो शुभवार्ता आणील त्यास धन्यांनी अंगावरील सर्वांत वरचे वस्त्र तेथल्या तेथे उतरून द्यावे, आणि ते देताना अंगावरच असलेले असावे. मागाहून दुसरे देऊ म्हटल्यास वार्ता बाटते. वार्ता शुभ की अशुभ याचा निर्णयही सोपा, ती ऐकून धन्यांच्या तोंडून 'वाहवा' निघाले की ती शुभ. कोठी भरलेली होती तोवर एक वस्त्र गेले काय आणि राहिले काय, कोणास कळतही नसे.

मार्गशीर्षाच्या आरंभी आडगावचे पाटील सुभानजी आले आणि मुजरा करून म्हणाले, "म्हाराज, बांधाचा तंटा मिटला. दोन्ही भाऊ एका ताटात जेवले."

महाराज म्हणाले, "वाहवा!" आणि दगल्यावरचा डाळिंबी अंगरखा उतरून दिला. सुभानजी तो घालून घोड्यावर बसले. महाराज गवाक्षातून पाहत राहिले आणि जामदारांस म्हणाले, "त्याच्या खालच्या धोतराशी तो नांदत नाही हो."

पुढे आठ दिवसांत माहूत धावत आला की रुसलेली हत्तीण जेवली. महाराजांचा त्या हत्तिणीवर जीव. मोरपंखी बंडी गेली. आता प्रजेच्या ध्यानी आले की पूर्वी शंभरांतले एक मिळे, आता सातांतले एक मिळते, आणि ज्याच्या अंगी ते दिसेल त्यास सर्व राज्य रंगावरून ओळखील. मग वाड्यापुढे शुभवार्ता सांगणारांची रांग लागली. कोणाची गाय व्याली, कोणाची सासू यात्रेस गेली, कोणाच्या आवळ्यास यंदा बार धरला. कारभारी नागोपंतांनी दारी चौकी बसविली आणि हुकूम केला की जो चांगले सांगेल त्याने त्यास लागून एक वाईटही सांगावे, म्हणजे हिशेब बरोबरीत सुटेल. लोक आज्ञाधारक. विहिरीस पाणी लागले, परंतु खारे. कन्येचा विवाह ठरला, परंतु जावई घोरतो. महाराज दगडासारखे तोंड करून ऐकत आणि "बरे" एवढेच म्हणत. त्यांस ते जड जाई. ते मूळचे हसरे.

अशात एके सकाळी रामोशी खेमा नाईक सरहद्दीवरून आला. नागोपंतांनी विचारले, "वाईट काय आणले आहेस?"

"काही नाही."

"चांगले?"

"तेही नाही. समदं जिथल्या तिथं आहे."

महाराजांनी इतक्या दिवसांत असे निर्मळ बोलणे ऐकिले नव्हते. त्यांच्या तोंडून सुस्कारा निघाला आणि सुस्काऱ्यामागून 'वाहवा' निघाले. नागोपंतांनी डोळे मिटून घेतले. हळदी शेला गेला. खेमा नाईक शेला घेऊन बाहेर आला तेव्हा आपण काय सांगितले, असे तो चौकीदारांस विचारीत होता.

अंजिरी शाल मात्र महाराजांनी जाणून दिली. पौषाच्या आरंभी राणीसाहेबांस दोन दिवस ताप होता. वैद्यराज आतून आले, चौकीचा नियम स्मरून त्यांनी आधी स्वतःच्या गुडघेदुखीचे गाऱ्हाणे सांगितले, आणि पुढे बोलावे की नाही म्हणून थांबले. महाराज म्हणाले, "वैद्यराज, गुडघा राहू द्या. त्यांचे कसे आहे?" वैद्य म्हणाले, "ताप उतरला. पोटातले बाळ लाथा मारते आहे." महाराजांनी वाहवाही म्हटले नाही. शाल काढून वैद्यांच्या खांद्यावर घातली आणि तोंड फिरवून उभे राहिले. हे जामदारांनी समक्ष पाहिले आहे.

येणेप्रमाणे वरचे सर्व सरले, दगला तेवढा राहिला, आणि नेमकी सर्वांत थोर वार्ता यावयाची राहिली. रिवाज असा, की अपत्य जन्मले हे दाईने येऊन सांगितल्याखेरीज पित्याने उंबरा ओलांडू नये. सांगितले की दगला दाईचा. न सांगितले तर बाप बाहेर आणि बाळ थंडीत. ही अडचण पंचमीच्या सकाळी सर्वांपुढे उभी राहिली, आणि तिच्यावर कुजबुजत मसलत झाली, ती अशी.

नागोपंत म्हणाले, "सरकारांनी दगला आत्ताच उतरून आत धाडावा."

महाराजांनी एका कानातील बोळा काढून विचारले, "मग वार्ता आल्यावर वरचे वस्त्र कोणते राहील?"

नागोपंतांनी खाली पाहिले. अंगावर शेवाळी सुरवार होती. आमसुली परिटाकडे वाळत होती.

"सुरवार देऊन आम्ही आत जावे काय? बाळाने बापास प्रथम तसे पाहावे?"

जामदार म्हणाले, "दगल्यावरून पंचा गुंडाळला तर?"

"पंचा वस्त्रांत गणला तर तो आठवा, आणि शपथ मोडते. न गणला तर तो देऊन उपयोग नाही."

"मग डोकीचे पागोटे द्यावे."

"अवधूतराव, पागोटे वस्त्र नव्हे, तो राज्याचा मान. ते दाईच्या डोकीवर गेले तर उद्यापासून मुजरा आम्ही तिला करावा काय?"

इतक्यात भागू दाई तापत्या पाण्यासाठी दार किलकिले करून बाहेर डोकावली. हिनेच महाराजांच्या जन्माची वार्ता थोरल्या महाराजांस सांगितली होती, आणि त्या वेळचा शेला आजही तिच्या कमरेस गुंडाळलेला असतो. ती म्हणाली, "धनी, मी म्हातारी. मला तुमचा दगला घेऊन काय करायचंय? मी फुकट सांगते की."

नागोपंत दचकून म्हणाले, "फुकट सांगितलेली वार्ता फळत नाही. राजवंशाची गोष्ट आहे, बाई."

"मग उभे राहा कुडकुडत," असे म्हणून भागूने पाणी घेतले आणि दार लावले. महाराजांनी बोळा पुन्हा कानात घातला.

मग काही वेळ काही झाले नाही. आणि मग आतून रडणे ऐकू आले. ते असे खणखणीत होते की कापसातून आरपार गेले. महाराज उठून उभे राहिले. त्यांनी दोन्ही बोळे काढून टाकले आणि म्हणाले, "कोण बोलले?"

नागोपंत म्हणाले, "कोणी नाही, सरकार. आम्ही कोणी तोंड उघडले नाही. देवाशपथ."

"कोणीतरी बोलले. आम्ही ऐकिले. वाहवा! वाहवा! वार्ता आली, आणि आमच्या तोंडून दोनदा निघाले. आणली कोणी ते सांगा."

तेव्हा जामदार अवधूतराव, जे कार्तिकापासून दरबारात एकही उपयोगाचे वाक्य बोलले नव्हते, ते पुढे होऊन म्हणाले, "महाराज, आणणारा आत आहे. स्वतःच्या येण्याची वार्ता तो स्वतःच घेऊन आला."

महाराजांनी क्षणाचाही विलंब केला नाही. दगला उतरला, छातीशी एकदा धरला, आणि दार वाजविले. भागूचा हात बाहेर आला आणि दगला घेऊन आत गेला. आत हालचाल झाली, रडणे थांबले, आणि राणीसाहेबांचा थकलेला आवाज आला, "ऊब आहे अजून." नागोपंतांनी उपरण्याने डोळे पुसले आणि थंडीने पाणी येते असे सांगितले.

महाराज उघड्या अंगाने दारास लागून उभे राहिले आणि म्हणाले, "भागू, मुलगा की मुलगी?"

आतून उत्तर आले, "ती दुसरी वार्ता, धनी."

"सांग तर खरे."

"सांगितलं तर तुम्ही वाहवा म्हणाल."

"दोहोंतले काहीही असले तरी म्हणू."

"म्हणूनच सांगत नाही. आता तुमच्या अंगावर वरचं कोणतं, ते बघा आधी."

महाराजांनी खाली पाहिले. आतून राणीसाहेबांचे हसणे ऐकू आले. महाराज आत येण्याची परवानगी मागू लागले, त्यावर भागूने कळविले की वार्ता पुरी झाल्याविना उंबरा ओलांडता येणार नाही, असा रिवाज त्यांच्याच वडिलांनी घातलेला आहे. मग परिटाकडे घोडेस्वार गेला, तो परत आला आणि म्हणाला की आमसुली सुरवार दोरीवर आहे, परंतु काल ऊन नव्हते, पायांकडून वाळली आहे, कमरेस ओली आहे. महाराज म्हणाले, "ओलीच आणा." घोडेस्वार पुन्हा गेला.

तात्पर्य, सात वस्त्रांपैकी चार प्रजेच्या अंगी, एक बाळाच्या, एक दोरीवर आणि एक महाराजांच्या अंगी, आणि सातही रंगाने एकमेकांशी अद्याप उत्तम नांदतात. हे लिहितेवेळी पौष वद्य पंचमी, दिवस प्रहरभर चढला आहे. घोडेस्वार आलेला नाही. आतून पुन्हा रडणे ऐकू आले आहे, ते पहिल्याचेच की आणखी कोणाचे, हे भागू सांगत नाही. महाराजांनी सुरवारीची नाडी दोन्ही हातांनी धरून ठेविली आहे.