मखमलीतली केबल

काटासाहेब त्या शनिवारी घरातून निघाले ते बाथरूमचा बल्ब आणायला. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढचं सगळं ऐकता ऐकता तुम्ही बल्ब विसरून जाल. तेही विसरले.

काटासाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते वजनमापं खात्यात तपासनीस. ते बाजारात शिरले की या टोकापासून त्या टोकापर्यंत "काटासाहेब आले, काटासाहेब आले" अशी कुजबुज जायची आणि तराजूंचे सगळे काटे कसे झटकन शून्यावर यायचे. एखादा दुकानदार म्हणालाच, "साहेब, बरोबरच आहे हो वजन," तर त्यांचं उत्तर ठरलेलं असे. "बरोबर वाटणं वेगळं आणि बरोबर असणं वेगळं. मोजून दाखवा." हेच वाक्य ते घरीही वापरत. दूधवाल्याला, मुलीच्या अभ्यासाच्या तासांना, बायकोच्या 'पाच मिनिटांत निघते'ला. घरातल्या दोघींनी ते वाक्य जपून ठेवलं होतं. कधीतरी परत करता येईल म्हणून.

तर बल्ब. विजेच्या सामानाच्या दुकानाला लागूनच एक नवं दुकान उघडलं होतं. काचेचं दार, आत गालिचा, आणि गालिच्यावर फक्त दोन स्पीकर. एरवी काटासाहेब तिकडे फिरकलेही नसते, पण आदल्याच रविवारी ते साडूकडे चहाला गेले होते. (साडू म्हणजे मेव्हणीचा नवरा. या माणसाकडे सगळं आपल्यापेक्षा एक नंबर मोठं असतं: टीव्ही, फ्रिज, पोट.) साडूने सगळ्यांना सोफ्यावर बसवून गाणी ऐकवली आणि मग सहज विचारलं, "साडूभाऊ, तुमच्या सिस्टिमला केबल कुठली आहे?"

"खोक्यात आली ती," काटासाहेब म्हणाले.

साडू हसला. मेव्हणी हसली. तेही चाललं असतं हो, पण बायको हसली. ते हसणं आठवडाभर त्यांच्या छातीत रुतून बसलं होतं.

म्हणून ते काचेचं दार ढकलून आत गेले. नुसतं बघायला.

दुकानदार डॉक्टरांसारखा हळू बोलणारा होता. त्याने त्यांना खुर्चीत बसवलं, एक गाणं लावलं, मागे जाऊन केबल बदलली आणि तेच गाणं पुन्हा लावलं. "सगळ्यांनाच फरक कळतो असं नाही," तो म्हणाला. "त्याला कान तयार लागतो. आला ऐकू?"

खरं सांगायचं तर काटासाहेबांना दोन्ही वेळा एकच गाणं ऐकू आलं होतं. पण आपला कान कच्चा आहे हे एका अनोळखी माणसापुढे कबूल करायचं? गेली तीस वर्षं ज्याने अर्ध्या ग्रॅमचा फरक पकडला, त्याने?

"आला," ते म्हणाले.

"कुठे?"

"वरच्या बाजूला," त्यांनी अंदाजाने सांगितलं.

दुकानदाराने समाधानाने डोळे मिटले. किंमत सांगितली तेव्हा काटासाहेबांनी ती पुन्हा विचारली, आपल्या ऐकण्यात काही चूक झाली असेल या आशेने. चूक नव्हती. पगाराचा तिसरा हिस्सा एका हातभर वायरीत जाणार होता. ते उठणारच होते, तेवढ्यात दुकानदाराने केबलचा बॉक्स उघडला आणि तिथे त्यांचा घात झाला.

कारण तो बॉक्स लाकडी होता आणि आत गर्द निळी मखमल होती. काटासाहेबांच्या ऑफिसातली प्रमाणित पितळी वजनं अगदी अशाच बॉक्समध्ये, अशाच निळ्या मखमलीच्या खाचेत बसलेली असतात. त्या वजनांना उघड्या हाताने शिवायचं नाही, चिमट्याने उचलायचं. सगळ्या जगाचं खरंखोटं ठरवायचं ते त्यांच्यावरून. मखमलीच्या खाचेत जे बसतं ते खोटं असूच शकत नाही, हे तीस वर्षांत त्यांच्या हाडात मुरलं होतं. त्यांनी पाकीट काढलं.

पण तपासनीस तो तपासनीस. "गॅरंटी कार्डावर किंमत अंकी लिहा, अक्षरीही लिहा," त्यांनी बजावलं. "तारीख, सही आणि शिक्का."

दुकानदाराने सगळं सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि कार्ड मखमलीखाली सरकवलं. "दोनशे तास वाजली की केबल मोकळी होते," तो म्हणाला. "तोवर तिला हात लावायचा नाही. मागे डोकावायचंसुद्धा नाही."

घरी बायकोने दार उघडलं. "बल्ब?"

"संपले होते."

"आणि हे काय?"

"केबल. ऑफर होती म्हणून घेतली."

"केवढ्याला पडली?"

काटासाहेबांनी किंमत सांगितली. फक्त शेवटचं शून्य तेवढं सांगितलं नाही. (बाकीचे सगळे आकडे खरे होते, असं त्यांनी स्वतःला बजावलं.) बायको एवढी सरळ मनाची की म्हणाली, "मग बरीच स्वस्त मिळाली की." तिच्याशी ते कधी खोटं बोलत नसत. ते घाईने केबल जोडायला वळले आणि गाणं सुरू झालं.

मुलगी कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होती. ती म्हणाली, "बाबा, ही डिजिटल केबल आहे. हिच्यातून एक आणि शून्य जातात, बस. ते पोचतात किंवा पोचत नाहीत. एखादं शून्य गोड पोचलं, एखादं आंबट पोचलं, असं होत नाही."

"पोचण्यातही फरक असतो," काटासाहेब म्हणाले. "तू घरी पोचतेस. पण कधी हसत पोचतेस, कधी तोंड पाडून पोचतेस."

"मी शून्य आहे का बाबा? आणि फरक पडतो म्हणताय तर मोजून दाखवा."

"कान हे काही मोजायचं माप नाही," असं ते चक्क म्हणाले. बाजारातल्या कुणी ऐकलं असतं तर पेढीवरच आडवा झाला असता.

मग रोज संध्याकाळी मैफल बसू लागली. काटासाहेब डोळे मिटून हात वर करत. "ऐक, ऐक. आता ती गायिका श्वास घेतेय."

"गाताना घेणारच ना हो," बायको म्हणे.

पण तिचा नवऱ्यावर विश्वास. तिने कौतुकाने बहिणीला फोन केला. एवढीशी किंमत आणि एवढा फरक, असं सगळं सांगितलं. फोन ठेवला आणि म्हणाली, "अहो, धाकटी म्हणतेय, भावोजींना सांग आम्हालाही एक आणा. तेवढ्या पैशांत काय, आपणच देऊन टाकू. बुधवारी ती येणारच आहे."

काटासाहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. आता खरी किंमत सांगावी तर बायकोपुढे तोंड दाखवायला जागा नाही, आणि न सांगावी तर साडूला केबल द्यायला पगाराचा आणखी एक तिसरा हिस्सा. दोन दिवस त्यांना जेवण गोड लागलं नाही. शेवटी ते विजेच्या सामानाच्या दुकानात गेले आणि सगळ्यात साधी काळी केबल घेऊन कागदात गुंडाळून आणली. ज्या माणसाने आयुष्यभर खोट्या वजनाला दंड केला, त्याने हे केलं. (त्या दुकानात काउंटरवरच बल्बची रास होती. ते तिच्यावर कोपर टेकून उभे होते.)

बायकोने पुडकं उघडून पाहिलं. "हिला बॉक्स नाही?"

"बॉक्स संपले."

"पण वस्तू तीच ना?"

"अगदी तीच."

"किंमतही तीच?"

"तीच," काटासाहेब म्हणाले आणि घाईने बाथरूममध्ये गेले. तिथे अंधारच होता. दोन आठवडे ते अंधारातच दाढी करत होते, मिशीही अंधारातच कातरत होते. तीस वर्षांचा सराव, उजेड लागतो कशाला?

बुधवारी मेव्हणी केबल घेऊन गेली. गुरुवारी ऑफिसात साडूचा फोन. "साडूभाऊ, काय आवाज आहे हो! पडदा दूर केल्यासारखा वाटतोय."

काटासाहेबांनी फोन ठेवला आणि फाइलीत तोंड खुपसून हसले. साध्या काळ्या वायरीने याचा पडदा दूर झाला. त्या आनंदाने त्यांचा आठवडा कसा हवेत गेला. बाजारात गेले तर दुकानदारही त्यांच्याकडे पाहून हसत होते. आपल्या चेहऱ्यावर तेज आलं असणार, असं त्यांना वाटलं. संध्याकाळी स्वतःच्या सिस्टिमपुढे बसून ते मुलीला समजावत, "माणूस स्वतःला फसवून घेतो बघ. नसलेला फरक त्याला ऐकू येतो. आणि हे इथलं बघ, हा खरा आवाज. वा."

मुलगी वहीत काहीतरी टिपून घेत होती. अभ्यास करत असेल, असं त्यांना वाटलं.

पुढच्या आठवड्यातल्या रविवारी साडूने सगळ्यांना मुद्दाम चहाला बोलावलं. काटासाहेब हॉलमध्ये पाऊल टाकतात तो काय, समोरच्या शोकेसमध्ये, छोट्या दिव्याच्या उजेडात, एक लाकडी बॉक्स उघडून ठेवलेला. निळी मखमल. मखमलीत त्यांची केबल.

ते जवळच्या खुर्चीत बसले. ती केबल इथे, तर मग घरी अकरा दिवस कोण वाजत होतं? त्यांनी मुलीकडे पाहिलं. मुलगी छताकडे पाहत होती. बायको हळूच कानाशी म्हणाली, "भेट म्हणून बॉक्सची दिली. बिनबॉक्सची आपल्याला ठेवली. तीच वस्तू, तीच किंमत, तुम्हीच म्हणालात ना."

तेवढ्यात साडू उभा राहिला. त्याने हात जोडले. "साडूभाऊ, आधी माफी मागतो. फोनवर मी आवाजाची तारीफ केली ना, तेव्हा मी बॉक्स उघडलासुद्धा नव्हता. तुम्हाला बरं वाटावं म्हणून बोललो. नंतर उघडला, तर मखमलीखाली हे कार्ड."

"असू दे ते कार्ड," काटासाहेब म्हणाले.

साडूने कार्ड वाचलं. आधी अंकी, मग अक्षरी. तारीख, सही आणि शिक्का. अक्षरी किमतीत शून्य गाळायची काही सोयच नसते.

"एवढी महागाची भेट दिलीत," साडू म्हणाला, "आणि आम्हाला ओझं वाटू नये म्हणून किंमत एक दशांश सांगितलीत. मी तुमच्या सिस्टिमला हसलो होतो. मला लाज वाटते. ही वस्तू वापरायची आमची लायकी नाही, म्हणून शोकेसमध्ये ठेवलीय."

मेव्हणीने डोळे पुसले. गेली वीस वर्षं काटासाहेबांना या घरात जो मान हवा होता, तो एकदम ताटभर वाढला गेला होता, आणि त्यातला एक घासही त्यांना गिळवत नव्हता. कारण शेजारी बायको कप हातात धरून बसली होती आणि कप अजिबात हलत नव्हता.

परतताना ती दोन चौक पुढेच चालत राहिली. तिसऱ्या चौकात म्हणाली, "पैसे गेले त्याचं काही नाही. माझ्याशी खोटं का बोललात?"

"तू हसली होतीस त्या दिवशी," काटासाहेब म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता.

ती थांबली. "अहो, मी तुमच्या साडूंना हसले होते. केबल कुठली म्हणून विचारत होते, तेव्हा त्यांच्या शर्टाला आतून खिसा होता. उलटा घातला होता."

काटासाहेब खाली मान घालून चालत राहिले. मुलीने वही उघडली. "बाबा, साधी केबल लावल्यापासून अकरा दिवसांत तुम्ही सतरा वेळा 'वा' म्हणालात. महागाची होती तेव्हा फक्त नऊ वेळा."

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा बल्ब आणायला निघाले. या वेळी बायकोने मुलीला सोबत पाठवलं. परत आल्यावर बायकोने आधी पावती मागून घेतली, अंकी वाचली, अक्षरी वाचली, आणि ती जराशी हसली. काटासाहेबांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी स्टुलावर चढून बल्ब लावला, बटण दाबलं, आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदाच आरशात पाहिलं.

मिशीची डावी बाजू उजवीच्या निम्मी होती.

तीन आठवडे ते असेच बाजारभर हिंडत होते. समोरच्याच्या तराजूत केसभर फरक सापडला तरी दंड करत होते, आणि दुकानदार बिचारे हसू दाबत तो भरत होते.

"कुणी सांगितलं का नाही मला?" ते आतून ओरडले. "तितकीही काही कमीजास्त नाहीये म्हणा. बरोबरच वाटतेय जवळजवळ."

बाथरूमच्या दारात मुलगी फूटपट्टी घेऊन उभी होती. तिच्यामागे बायको होती. बोलली मात्र बायको.

"मोजून दाखवा."