पंगतीत वाजलेलं 'कोरडं पाणी'

यंदा चातुर्मासात वांगं सोडावं की खोटं बोलणं, असा माझ्यापुढे प्रश्न होता, आणि मी (देवाला ठाऊकच आहे) वांग्याच्या लोभापायी खोटं बोलणं सोडलं.

तशी मी सोडण्यात कधी मागे राहिले नाही. एका चातुर्मासात कांदा-लसूण सोडला, एकात साखरेचा चहा, एकात गादी. (गादीच्या वर्षी माझी कंबर इतकी धरली की शेवटचा महिना आमच्या ह्यांनीच स्वयंपाक केला, आणि तो खाणं हे माझं दुसरं व्रत झालं.) उपास डॉक्टरांनी बंद केले आहेत. मग आषाढी एकादशीला कीर्तनकार महाराज म्हणाले, "जीभ जे खाते ते सोडण्यापेक्षा जीभ जे बोलते ते सोडा." मला वाटलं, किती सोपं! मी कुठे खोटं बोलते?

आठवड्याभरात कळलं की मी दिवसाचं एकही काम खोट्याशिवाय करत नव्हते. शेजारच्या मैनानं नवी साडी दाखवली, तिला मी "रंग टिकंल" एवढंच म्हणू शकले. अकोल्याहून माझ्या मोठ्या नणंदेचा, गोदाबाईंचा फोन आला. "साधने, मायी आठवन येते का वो?" मी म्हटलं, "कधीमधी येते." पुढचे पंधरा दिवस त्यांचा फोन नाही. (खरं बोलण्याचं पुण्य इतक्या लवकर मिळतं हे मला माहीत नव्हतं.)

आणि नेमक्या याच चातुर्मासात आमच्या आचलनं अल्बम काढला.

आचल आमची एकुलती एक. पुण्याला कंपनीत नोकरी करते आणि रिकाम्या वेळात गिटार घेऊन गाते. गाणी स्वतः लिहिते, चाली स्वतः लावते. आठ गाण्यांचा हा पहिलाच अल्बम, नाव 'कोरडं पाणी'. कुठल्याशा ॲपवर फुकट ऐकायला मिळतो, खाली लोकांनी मत लिहायचं. महिना झाला तरी लिहिणारे तिघे, त्यांतला एक तिच्या रूममेट मुलीचा भाऊ. त्यानं लिहिलं होतं, "दोन गाणी ऐकली, उरलेली तुम्हाला परत." दुसऱ्यानं नुसतं जांभई देणारं तोंड टाकलं होतं. तिसऱ्यानं भाड्यानं खोली आहे का म्हणून विचारलं होतं.

एका दुपारी तिचा फोन आला. आवाज बसलेला.

"आई, तू ऐकलं का?"

"नाही अजून."

"ऐक ना. तू सध्या खोटं बोलत नाहीस, तुझ्यावरच विश्वास आहे माझा. महालक्ष्म्यांपर्यंत वाट पाहते. तोवर एका माणसालाही आवडलं नाही तर सगळं काढून टाकते, गिटारही देऊन टाकते. डोकं लावून नोकरी करते."

लहानपणी ताटलीवर चमचा वाजवून जेवणारी ही पोर. गिटार सुटली तर ती जेवेल तरी का? आणि तिचं गाणं मला नाही आवडलं तर? खरं सांगावं लागेल. यावर मी एकच उपाय काढला : ऐकायचंच नाही. ऐकलं नाही तर मत नाही, मत नाही तर खोटंही नाही.

पण ती रोज विचारी. "इअरफोन सापडत नाही" हे सांगायचं तर तो खरोखर हरवायला हवा. मी ह्यांना म्हटलं, "अहो, माझा इअरफोन लपवून ठेवा, आणि कुठे ठेवला ते मला सांगू नका." वामनराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आहेत, विचारल्याशिवाय बोलत नाहीत. त्यांनी तो निमूट लपवला. मी दिवसभर मनापासून शोधला आणि संध्याकाळी खऱ्या आवाजात म्हटलं, "नाही वो बाई सापडला!"

होता होता भाद्रपदातल्या महालक्ष्म्या (तुमच्याकडच्या गौरी) आल्या. आचलला सुटी मिळाली नाही, तिसऱ्या दिवशी, विसर्जनाला येते म्हणाली. आवाहनाच्या दिवशी देवींना उभं करताना, मुखवट्यांकडे पाहता पाहता मला एकदम सुचलं. (मला जे जे सुचतं ते देवीनंच सुचवलं असं मी समजते. देवीची किती बदनामी झाली असेल!) दुसऱ्या दिवशी दुपारी पंगतीला सतरा बाया येणार. महालक्ष्मीच्या पंगतीतून मधेच कोणी उठत नाही. आरतीसाठी आणलेला मोठा स्पीकर घरात आहेच. सतरांतून एकीला तरी पोरीचं गाणं आवडेल की! तिचं मत खाली लिहायचं, म्हणजे पोर गिटार देणार नाही आणि माझं व्रतही मोडणार नाही.

दुपारी पानं वाढली. पुरणपोळी, आंबील, कढी, वडे, सोळा भाज्या. "वदनी कवळ" झालं आणि ह्यांनी माझा फोन स्पीकरला जोडला. मी म्हटलं, "आपल्या आचलनं गाणी काढली. जेवता जेवता ऐका, अन् खरं खरं सांगा." मग मी पोळ्या लाटायला आत गेले.

आता एक गोष्ट माझ्या लक्षातच आली नव्हती. महालक्ष्मीच्या प्रसादाला कोणी नावं ठेवत नाही. एरवी आमच्या गल्लीतल्या बाया जेवायला बसल्या की वरणात मीठ कमी, भातात पाणी जास्त, असं बोलून बोलूनच त्यांना अन्न पचतं. आज ती सोय नव्हती. आंबील जरा करपली होती, तरी सगळ्या "प्रसाद हाय" म्हणून गिळत होत्या. ते सगळं साठलेलं माझ्या पोरीच्या गाण्यावर उतरलं.

पहिलं गाणं संपलं आणि मैना म्हणाली, "गाणं कवा सुरू होते?"

"झालं ते," ह्यांचा आवाज आला.

"झालं? मले वाटलं गिटार लावून राहिली. लावनं झालं की गाईन म्हनून मी तं पोळी मोडाची थांबली!"

दुसरं गाणं पंख्यावर होतं. "पंख्या, तू एकटाच फिरतोस..." एवढं ऐकून आमच्या गल्लीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या तानुबाईंनी घास खाली ठेवला. "एकटाच फिरते मंजे? दोन लावाचे होते का एका खोलीत?"

"पोट्टीले सर्दी होती वाटते," गोदाबाई म्हणाल्या. (अकोल्याहून खास आल्या होत्या, राग सोबत घेऊन.) "नाकातून गाऊन राहिली. अन् एक शब्द म्हनते, मंग केवढी थांबते! मधात चहा पिऊन येते का?"

"माय, कोनी मारलं का तिले? काहून रडून राहिली थे?" पुन्हा तानुबाई.

"अन् हे कोरडं पानी काय असते वो? पानी कोरडं कसं असन?"

"नगरपालिकेच्या नळाले येते थेच!"

सगळ्या हसल्या. मी पोळी तव्यावर टाकून डोळे पुसले. धुरानं म्हणावं, तर गॅसला धूर नसतो.

पण दुसऱ्या गाण्यानंतर एकदम ढोलकी वाजली. खणखणीत आवाज, स्वच्छ शब्द. "सासरच्या वरणाले माहेरची फोडणी..." पंगत गप्प झाली. त्यात धने आले, जिरे आले, आईचा हात आला, आणि संपलंसुद्धा लगेच. "हे पाह्य!" गोदाबाई म्हणाल्या. "हे गानं हाय! पोट्टीले येते, पन मुद्दाम गात नाही." पाचव्या गाण्यानंतर ती फोडणी पुन्हा आली, तेव्हा सतरा बायांनी तिच्यावर टाळ्या दिल्या. तानुबाई तर पुरणाच्या हातानं डोळे पुसत होत्या. मीही आतून ऐकलं, आणि खोटं कशाला सांगू, मला माझी आई आठवली. माझ्या आचलनं लिहिलं हे! आठांतलं एक तर सोनं निघालं. आणि तेच तिनं दोनदा घातलं, म्हणजे तिलाही कळलं असणार.

विडे झाल्यावर मी फोन घेऊन बसले आणि एकेकीचं मत लिहून घेतलं. व्रत असल्यामुळे एक अक्षर बदलायचं नव्हतं. गोदाबाईंची सर्दीसुद्धा लिहिली. तानुबाईंचा पंखा लिहिला, मैनाची पोळी लिहिली. "आमचं नाव नोको टाकू," सगळ्या म्हणाल्या, "पोट्टीले वाईट वाटन." म्हणून मी कोणाचंच नाव टाकलं नाही. सतरा मतं. प्रत्येकाच्या शेवटी मात्र तेच : फोडणीचं गाणं एक नंबर. मन भरून आलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी आचल बडनेरा स्टेशनला उतरून ऑटोनं घरी आली. दारातच उभी राहिली. डोळे सुजलेले.

"आई, एवढा राग होता तर फोनवर सांगायचा ना. सतरा वेळा लिहायचं काय काम होतं?"

"मी? मायं तं त्यात एकही मत नाही. त्या बायांनी सांगितलं, मी नावंही टाकली नाही."

तिनं फोन माझ्यापुढे धरला. सतराच्या सतरा मतांपुढे 'साधना गावंडे' असं लिहिलेलं होतं, आणि बाजूला माझा अंबादेवीपुढे हात जोडलेला फोटो. मी हात जोडून सांगत होते, "पोट्टीले सर्दी होती वाटते."

मी तिला हाताला धरून आत आणलं. मग तिला पंगतीपासून सगळं सांगितलं. ऐकता ऐकता तिचा चेहरा जरा सैल झाला. "हे सर्दीवालं आत्याचं. पंखा तानुआजीचा." तिनं एकेक ओळखलं. "पण सगळ्यांनी फोडणी फोडणी काय लावलंय?"

"बाई, ते तं आठांत एकच गाणं असं की माझ्याही डोळ्यांत पाणी आलं! देवीची शपथ! तशीच लिहीत जा ना."

आचल माझ्याकडे पाहत राहिली. ह्यांना एकदम खोकला आला.

"आई," ती हळूच म्हणाली, "ती मसाल्याची जाहिरात आहे. फुकट ऐकलं की मधे मधे लागते."

तिनं फोन घेतला. "झालं. जाहिरात आवडली, मी नाही आवडले. काढून टाकते." आणि बोट खाली नेलं.

"थांब!" मी तिचा हात धरला. "मी ऐकलं कुठे आहे? आत पोळ्या करत होते, फोडणीच तेवढी नीट ऐकू आली. मले विचारलं होतं ना तू? मंग मायं मत तं घे." आणि ह्यांना म्हटलं, "अहो, इअरफोन द्या."

वामनराव उठले, ज्वारीच्या कोठीत कोपरापर्यंत हात घातला आणि इअरफोन काढून दिला. आचलनं काहीतरी करून जाहिराती बंद केल्या, म्हणाली, "आता मधे कोणी येणार नाही." मी देवींपुढे पाट मांडून बसले. आचल समोर बसली, नखं खात. दहावीचा निकाल लागला तेव्हा बसली होती तशी.

पहिलं गाणं. (मैनाचं बरोबर होतं.) दुसरं गाणं. (तानुबाईंचंही.) तिसरं, चौथं, पाचवं, सहावं. मी मनात देवीला म्हणत होते, आई, एक तरी दे गं, एक. सातव्या गाण्यात ती अगदी हळू म्हणते : "पहाटेच्या गाडीनं मी येते, म्हणून दाराला आतून कडी नाही. ती जागी नाही म्हणते, आणि चहा तयार असतो."

मी इअरफोन काढला.

"काय झालं?"

"तुले कसं माहीत, मी कडी लावत नाही?"

"दार ढकललं की उघडतं, आई. दर वेळी."

"मी तं सांगत होती, विसरली म्हणून." मी इअरफोन पाटावर ठेवला. "हे गाणं नको काढून टाकू. बाकीचं माहीत नाही. पण हे खरं आहे."

तिनं फोन उलटा करून पाटाखाली सरकवला. माझ्या पदरानं स्वतःचं नाक पुसलं (सर्दी खरोखरच होती). देवींच्या चेहऱ्यावरही मला हसू दिसलं. तिथंच थांबलो असतो तर किती छान झालं असतं! पण कलाकार माणूस एका गाण्यावर कुठे थांबतो?

"अन् पूर्ण अल्बम, आई? पूर्ण मिळून कसा वाटला?"

मी देवींकडे पाहिलं. ह्यांच्याकडे पाहिलं, तर ते कोठीचं झाकण लावण्यात गुंतले होते. मी शब्द शोधला, मऊ शब्द शोधला. पण व्रत ते व्रत.

"चांगला आहे," मी म्हटलं, "पण मधात ते फोडणीचं होतं ना, ते गेल्यापासून जरा..."

आचलनं डोळे मिटून घेतले.

"आई, तुझं हे व्रत कधी सुटतं?"

"कार्तिकी एकादशीले."

"मग मी दिवाळीला येत नाही. तुळशीच्या लग्नाला येईन."

तर दिवाळीचा फराळ यंदा पुण्याला कुरिअरनं जाणार आहे. कसा झाला, हे मात्र मी तिला विचारणार नाही.