बसाण्णांच्या गाडीतला दिवाणजी

आमच्या बसाण्णांच्या घरी तुम्ही पहिल्यांदा गेलात, तर पाण्याचा तांब्या यायच्या आधी तुम्हाला एक काम सांगितलं जातं. अण्णा फाटकात उभ्या असलेल्या पांढऱ्या गाडीकडे हात करतात आणि म्हणतात, "पावणं, एवढी गाडी चोरून दावा की."

थट्टा नसते ती. माणूस हसून वेळ मारून न्यायला बघतो, पण अण्णा हटत नाहीत. गॅसवाल्याला खांद्यावरचं सिलिंडर उतरवायला लावून त्यांनी हे सांगितलंय, मतदारयादी घेऊन आलेल्या मास्तरणीला सांगितलंय. माझ्या धाकटीला बघायला पाहुणे आले, तेव्हा शेजारी म्हणून अण्णा बसायला आले होते. बोलता बोलता मुलाच्या मामांना त्यांनी अलगद बाहेर काढलं. मामा आजऱ्याचे, भिडस्त माणूस. नाही कसं म्हणायचं म्हणून त्यांनी छत्रीच्या टोकानं काचेवर जरा टकटक केलं. गाडीनं अशी बोंब ठोकली की समोरच्या गॅलऱ्या माणसांनी भरल्या. गाडीचे पिवळे दिवे उघडझाप करायला लागले आणि मामा छत्री टाकून आमच्या पायरीवरच बसले. लग्न जमलं, संसार छान चाललाय. पण मामा अजून सांगतात, पोरगी बघायला गेलो आणि राजारामपुरीत चोर म्हणून नाव करून आलो.

बसाण्णा म्हणजे बसवराज. मूळचे गडहिंग्लजच्या पलीकडचे, घरात कानडी बोलणारे. राग आला की कानडी, लाड आला की कानडी, मधल्या सगळ्या व्यवहाराला मराठी. स्टीलच्या भांड्यांचं दुकान होतं त्यांचं. मुलगा बंगळूरला नोकरीला लागला, दुकान बघणारं कोणी उरलं नाही, तेव्हा ते बंद केलं. पण दुकान अण्णांच्या डोक्यातून गेलं नाही. गाडीतसुद्धा त्यांनी दुकानच मांडलं.

स्टिअरिंगच्या खाली आत कुठेतरी साबणाच्या डबीएवढा एक काळा डबा असतो. दारं, दिवे, कुलपं, भोंगा, सगळ्यांच्या तारा त्या डब्यात जातात. अण्णा त्याला दिवाणजी म्हणतात. मामांना पाणी पाजून झाल्यावर त्यांनी तिथंच दिवाणजीचा कारभार समजावून सांगितला. प्रत्येक दाराच्या चौकटीत एक बारकं बटण असतं, फ्रिजच्या दारात असतं तसलं. दार उघडलं की बटण सुटतं आणि दिवाणजीला वर्दी जाते. बॉनेटला तसलंच, डिकीला तसलंच. काचेला धक्का बसला तर ते ओळखायला वेगळा एक कान बसवलेला. गाडीला कुलूप घातलेलं असताना यातलं काहीही झालं की दिवाणजी भोंग्याला हुकूम सोडतो. आणि गाडीत लाल दिवा लुकलुकतो तो कशाला, असं मामांनी विचारलं, तर अण्णा म्हणाले, "जागा हाय म्हणून सांगतोय. आपला वॉचमन सांगतोय व्हय कधी?"

किल्लीची तर आणखी तऱ्हा. किल्लीच्या पोटात एक चिप असते म्हणे. किल्ली फिरवली की गाडी आधी तिला विचारते, तू कोण. ओळख पटली तर इंजिन चालू. अण्णांनी मुद्दाम बाजारातून साधी दुसरी किल्ली पाडून आणली होती, फक्त दाखवायला. कुलपात जायची, फिरायची, इंजिन नुसतं खाकरायचं आणि गप्प बसायचं. "वळीख लागती की वो," असं म्हणून अण्णा ती खोटी किल्ली परत खिशात घालायचे. दागिना जपावा तशी जपलीय त्यांनी ती.

आमचे हे एकदा म्हणाले, बसाण्णा, ही जुनी गाडी चोरणार कोण? तर अण्णा दोन दिवस यांच्याशी बोलले नाहीत.

हे सगळं ऐकून न ऐकल्यासारखं करणारी गल्लीत एकच बाई होती, ती म्हणजे अण्णांची बायको, महादेवीअक्का. ठेंगणी, अंगानं भरलेली, बोलणं अगदी मोजकं. आम्ही दोघी एकाच सालात लग्न होऊन या गल्लीत आलो. तेव्हा इथं सगळे बैठे बंगले होते, संध्याकाळी कुणाच्या घरी भाकरी थापतायत ते आवाजावरून कळायचं. आता बंगल्यांच्या जागी फ्लॅट आले, खाली क्लासेस, दवाखाने, दारात गाड्यांची ही दाटी. पण अक्का आणि मी मंडईला जायचो त्याच वाटेनं आणि त्याच चालीनं. पुढं पुढं तिचे गुडघे गेले. मग उजवा पाय टाकायची, थांबायची, डावा ओढून त्याच्या शेजारी आणायची. पण थांबली की दुखतं म्हणून थांबलेय असं दाखवायची नाही. कुणाच्या तरी कुंडीतलं फूल बघायला लागायची, नाहीतर पदर सारखा करायची. मीही तिच्याबरोबर फुलं बघायला शिकले.

एका खंडेनवमीला अण्णांनी गाडी धुतली, हार घातला, हळदकुंकू लावलं. पूजेला जंगमस्वामी आले होते. पूजेपुरता तो भोंगा बंद ठेवा, असं अक्का म्हणाली. पण पूजा चालू असताना गाडी उघडी टाकायची हे अण्णांना पटेना. स्वामींनी चाकाशी दगडावर नारळ आपटला मात्र, गाडीनं आकांत मांडला. स्वामींच्या हातातली घंटा खाली पडली. अण्णा रिमोट शोधतायत, तो धोतराच्या कनवटीत, वर उपरणं गुंडाळलेलं. तेवढ्या गोंधळात अक्का शांतपणे म्हणाली, "देवालासुद्धा चोर म्हणते तुमची गाडी." त्यानंतर कितीतरी दिवस आम्ही हसत होतो.

दोन वर्षांपूर्वी अक्का गेली. झोपेतच गेली. अण्णा रडले की नाही ते मला माहीत नाही, मी तरी पाहिलं नाही. गाडी मात्र चालू राहिली. रोज दिवेलागणीच्या आधी अण्णा एकटेच ती बाहेर काढतात, टेंबलाईच्या देवळापर्यंत जातात आणि परत येतात. पूर्वी दोघं जायचे.

या पावसाळ्यात बिघडलं. पुढच्या काचेखाली पाणी वाहून जायची जी वाट असते तिच्यात गुलमोहराचा पाला अडकला. पाणी तुंबलं आणि आत थेट दिवाणजीच्या डोक्यावर ठिबकलं. मग दिवाणजीला वेड लागलं. दारं बंद असताना त्याला ती उघडी दिसायला लागली. भर दुपारी, कोणी हात लावलेला नसताना गाडी ओरडायची. अण्णा धावत येऊन रिमोट दाबायचे, की गप्प. भाजीला फोडणी घालीपर्यंत परत सुरू.

अण्णांच्या बंगल्याला लागूनच कांबळे सरांचा गणिताचा क्लास आहे. सर मोठे सालस. आधी त्यांनी खिडक्या लावून घेतल्या, मग तास पुढेमागे केले. शेवटी परीक्षा तोंडावर आल्या तेव्हा ते अण्णांकडे गेले आणि हात जोडून म्हणाले, काहीतरी करा.

करायचं काय ते सरळ होतं. उद्यमनगरातला दिलावरभाई अण्णांच्या गाडीचं विजेचं सगळं काम बघतो. तो नवा डबा घेऊन दोनदा आला. दोन्ही वेळा अण्णांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं. म्हणाले, डबा नुसता ओला झालाय, वाळला की येतंय ताळ्यावर. आणि त्यांनी खरंच दिवाणजीला बाहेर काढून तांदळाच्या डब्यात पुरून ठेवलं. मोबाईल भिजला की ठेवतात ना, तसं. तांदूळ तरी कुठला, तर आजऱ्याचा घनसाळ. मी जाऊन बघितलं तर डब्याचं झाकण उघडताच सगळ्या घरात वास, आणि मधोमध दिवाणजी मानेपर्यंत तांदळात बसलेले. मी म्हटलं, अण्णा, आम्ही जेवायला आलो तर साधा तांदूळ, आणि याला घनसाळ? तर म्हणाले, बारीक दाणा हाय, फटीफटीत जातोय.

वाळवून परत बसवला. भोंगा आणखी जोरात. मागनं दिलावरभाईनं येऊन तो उघडून दाखवला. आत तांब्याच्या रेघा हिरव्या पडून खाल्ल्या गेल्या होत्या. हा आता काही सुधारायचा नाही, असं तो म्हणाला. तरी अण्णांचा हेका एकच, दिवाणजी बदलायचा न्हाय.

मग गल्लीची बैठक बसली. सगळ्यांनी मिळून ठरवलं की डबा बदलत नसाल तर गाडी इथं ठेवायची नाही. कागलला अण्णांचा पुतण्या असतो, त्याच्याकडे मोठी शेड आहे. सोमवारी त्यानं येऊन गाडी न्यायची, असं अण्णांनीच शेवटी सांगितलं. कुणी म्हणालं म्हातारा हट्टी आहे, कुणी म्हणालं डोक्यावर परिणाम झाला. मला मात्र राहवेना. ज्या माणसानं गाडीसाठी यांच्याशी अबोला धरला, तो गाडी सोडायला तयार आहे आणि डबा सोडायला नाही, हे कसं?

रविवारी दुपारी मी धपाटी घेऊन गेले. अण्णा सोप्यात बसले होते, मांडीवर गाडीतून काढलेला तो काळा डबा. मी सरळच विचारलं. त्यांनी डबा धोतराच्या सोग्यानं पुसला. मग म्हणाले, "वैनी, ह्यात हिची चाल हाय."

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं ते असं.

फाटकापासून त्यांच्या घराच्या पायरीपर्यंत एक लांबट बोळ आहे. शेजारी फ्लॅट उभे राहिले तशी रस्त्यावरच्या दिव्याची तिरीप बंद झाली आणि बोळात अंधार पडायला लागला. टेंबलाईहून परत आलं की अण्णा घराचं कुलूप काढायला पुढं जायचे आणि अक्का मागून हळूहळू यायची. एकदा ती तिथं पडली. बोळात बल्ब लावा असं मीच तेव्हा म्हटलं होतं, तर अण्णा म्हणाले होते, बल्ब काय, कुणीबी लावतंय. त्यांनी दिलावरभाईला बोलावून दिवाणजीला नवं काम शिकवलं. गाडी तोंड आत करून लावायची. गाडीला कुलूप घातल्यावरसुद्धा पुढचे मोठे दिवे चालू राहायचे आणि थोड्या वेळानं आपले आपण विझायचे. तो थोडा वेळ किती, हे ठरवायला त्या दिवशी अक्काला चालायला लावलं. ती फाटकापासून पायरीपर्यंत येईस्तोवर दिलावर आतला बारका स्क्रू पिळत बसला. ती पायरी चढली आणि दिवा विझला, तिथं स्क्रू सोडला. किती सेकंद झाले, तो आकडा कुणी घेतला नाही. गरज काय होती, अक्का होती की.

"ती गेल्यावर बी रोज दिवं तेवढाच वेळ ऱ्हायचं," अण्णा म्हणाले. "मी फाटकात उभा ऱ्हायचो. पावसानं ते बी गेलं. आता लागत्यात न लागत्यात. नव्या डब्याला काय ठावं, ती किती हळू चालायची ते?"

मी घरी आले. यांना वाढलं. भांडी तशीच ठेवली आणि दिलावरभाईला फोन लावला. विचारलं, नव्या डब्याला वेळ शिकवता येतो का? तो म्हणाला, त्यात स्क्रू नाही, बटण आहे, जेवढा वेळ दाबून धराल तेवढं ते ध्यानात ठेवतं. मी म्हटलं, मग संध्याकाळी ये.

अण्णा नको नकोच म्हणत होते. पण दिलावरनं नवा डबा बसवला, गाडीत जाऊन बसला आणि बटणावर अंगठा ठेवला. कांबळे सरांनी मुलांना लवकर सोडलं आणि स्वतः खिडकीत येऊन उभे राहिले. मी चपला काढल्या, पडल्यापासून अक्का बोळात अनवाणी यायची म्हणून. दिवे लागले आणि मी निघाले. उजवा पाय, थांबायचं, डावा ओढून शेजारी. माझे गुडघेही आता काही चांगले राहिलेले नाहीत, तेव्हा सोंग फारसं करावं लागलं नाही.

अर्ध्यात गेले आणि मागून अण्णा म्हणाले, "न्हाय. नळापाशी ती थांबायची."

मी परत फाटकाशी आले. दिलावरनं अंगठा उचलून परत ठेवला आणि मी पुन्हा निघाले. नळापाशी थांबले. पदर सारखा केला. तिथं कुंडीत जास्वंद आहे, तिच्याकडे बघितलं. अक्का जेवढं बघायची तेवढंच बघितलं, त्यात माझी चूक व्हायची नाही. मग पुढं. पायरीशी भिंतीला हात लावला, एक पाय, दुसरा पाय. वर आले. दिलावरनं अंगठा उचलला.

"आता बघू या," असं तो म्हणाला आणि गाडीतून उतरला. अण्णांनी रिमोट दाबला. कुलपं एकदम बसल्याचा आवाज झाला, दिवे लागले. यावेळी बोळात कोणी चालत नव्हतं. मी पायरीवरच उभी होते. उजेड नळावर पडला होता, जास्वंदीवर पडला होता, माझ्या पायांवर पडला होता. आम्ही सगळे त्या उजेडाकडे बघत होतो. कांबळे सरसुद्धा.

दिवे विझले. समोर अण्णा दिसेनासे झाले.

अण्णांनी मला आजवर कधी एकेरीत हाक मारलेली नाही. वैनी, तुम्ही, असंच.

"पोचलीस काय गं?" अंधारातून आवाज आला.

मी दाराच्या कडीला हात लावला. म्हटलं, "पोचले."