उंदरांची सुमन

प्राचार्य फोर्तुनातो आपल्या झुंजीच्या कोंबड्याचं कौतुक सांगत तिसरी सुमन, म्हणजे पानात बांधलेली भाताची वडी, सोलत होते, तेव्हा शिक्षिका प्रुदेन्सियाबाईंचं लक्ष तिच्या दोऱ्याकडे गेलं. दोरा लाल होता.

बारावीचे प्रकल्प परीक्षकांपुढे मांडायचा तो दिवस. परीक्षकांना उपाशी ठेवून इलोइलो शहरात आजवर कुणी पास झालेलं नाही. मुलं बिस्किटांवर भागवतील या धास्तीने बाईंनी स्वतःच सुमन केली होती. चिकट तांदूळ चमचाभर राखेचा जहाल खार घातलेल्या पाण्यात भिजवायचे, केळीच्या पानात बांधून उकडायचे. पण मेलं नशीबच असं, की मुलांचा प्रकल्पही सुमनच होता. भातात उंदीरमारीचा पाला वाटून घालायचा. पानाच्या वासाने उंदीर येतो, खातो आणि मरतो. घोळ नको म्हणून बाईंनीच बजावलं होतं, दोरे वेगळे बांधा.

त्यांनी गटाच्या म्होरकीला, मारिचूला, दाराआड ओढलं.

"लाल दोरा कुणाचा गं?"

"कुणाचा म्हणजे? पाहुण्यांचा. जत्रेला आपण लालच बांधतो की."

"लाल उंदरांचा, बये. लाल म्हणजे धोका."

"तुम्ही नुसतं वेगळे बांधा म्हणालात, मॅडम."

हे मात्र खरं होतं. दोरे बांधणाऱ्या पोरांनी लाल धोक्याचा धरला, ताटल्या मांडणाऱ्या मारिचूने जत्रेचा. पाहुण्यांच्या ताटलीत उंदरांची सुमन गेली होती आणि बाईंची, हिरव्या दोऱ्याची, पिंजऱ्याशेजारी पडली होती.

आधीच बाईंचे गट लागोपाठ दोन वर्षं आपटले होते. प्राचार्यांनी तोंडावर सांगितलं होतं, "यंदा बुडालात तर बदली समोरच्या बेटावर. रोज होडीने जा-ये करा." आणि बाईंना होडी नुसती पाहिली तरी मळमळायचं.

"सांगून टाकू का त्यांना?" मारिचू म्हणाली.

"काय सांगशील? सर, तुम्ही उंदरांचं खाल्लंत?"

"मग वाट बघू. मेले तर प्रकल्प यशस्वी, मॅडम."

"आणि जगले तर?"

"मग नापास."

इकडे आड, तिकडे विहीर. तरीही माणसं मारून पास व्हायचं बाईंच्या मनाला पटेना. त्या आत गेल्या, "सर, जरा ऐकता का," एवढं म्हणाल्या, तोच प्राचार्यांनी हात वर केला.

"भाषण नको. उंदीर दाखवा."

मारिचूने नाइलाजाने हिरव्या दोऱ्याची सुमन पिंजऱ्यात टाकली. उंदरांनी ती चाटूनपुसून खाल्ली. मग एक आडवा झाला. पाठोपाठ दुसरा. तिसऱ्याने बाईंकडे एकवार पाहिलं आणि पाय ताणले.

परीक्षकांनी टाळ्या वाजवल्या. "पास," प्राचार्य बोटं चाटत म्हणाले. "आणि खाणंही झकास."

बाईंना काही उमजेना. बाहेर येताच मारिचू पुटपुटली, "सर मरणार नाहीत, मॅडम. पाला घातला की उंदीर तोंड लावेनात. म्हणून आम्ही वासापुरताच घातला. बाकी सगळी साखर."

"मग उंदीर कशाने मेले?"

मारिचूने हिरव्या दोऱ्याच्या पुड्यांकडे पाहिलं आणि नजर वळवली. पोरगी संस्कारी होती.

बाईंना आठवलं, खाराची बाटली हातातून निसटून भसकन ओतली गेली होती, आणि त्या 'एवढ्याने काय होतंय' म्हणाल्या होत्या. त्याच तांदळाच्या दोन सुमन नवऱ्याच्या डब्यात होत्या. त्यांनी फोन लावला.

"नेस्तोर, सुमन खाल्लीस?"

"खाल्ली की. फक्कड झाली होती."

बाईंना रडू फुटलं. "तुला माझी शपथ, खरं सांग."

"रागावू नकोस गं. टाकली. लग्न झाल्यापासून टाकतोय."

इतकी वर्षं फसवलं मेल्याने, पण बाईंना त्याच्यावर इतकं प्रेम कधीच आलं नव्हतं. "देव तुझं भलं करो," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "टाकलीस कुठे?"

"नेहमीच्याच जागी. कामाच्या जागेशेजारी तुमच्या प्राचार्यांचा कोंबडा बांधलेला असतो ना, त्याला. बिचारा आवडीने खातो."

आतून प्राचार्यांचा आवाज आला. ते परीक्षकांना रविवारी झुंज बघायला बोलावत होते. बाई खिडकीशी गेल्या. खाली धक्क्याला बेटाची होडी लागली होती, आणि लाटा नसतानाही ती हलत होती.